टाकीतल्या आजारी माशांना अँटिबायोटिक: कधी, कोणते आणि कसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे 100 लिटरच्या टाकीत गप्पी आणि मॉली मिळून डझनभर मासे आहेत. नवे मासे सोडल्यानंतर आठवड्याभरात काहींच्या तोंडाभोवती पांढरट थर दिसू लागला, परांच्या कडा झिजल्या, एका मॉलीच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना फिकट पट्टा उतरला आणि दोन मासे दगावले. ही बुरशी असावी असे समजून तुम्ही पाण्याचे तापमान 30 अंशांपर्यंत वाढवले, त्यानंतर माशांची अवस्था अधिकच बिघडली. आता माणसांसाठीची टेट्रासायक्लिनची 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल फोडून टाकीत टाकावी असा सल्ला तुम्हाला मिळाला आहे आणि अशा किती कॅप्सूल टाकाव्यात, हे तुम्हाला हवे आहे.

एकही टाकू नये. तुमच्या माशांना अँटिबायोटिकची गरज कदाचित खरोखरच असेल. मात्र ते कोणत्या आजारावर, कोणत्या मार्गाने आणि किती द्यायचे हे ठरण्यापूर्वी करण्याच्या काही गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या काही आजच करायला हव्यात.

तुम्ही लिहिलेली लक्षणे कॉलम्नारिस या आजाराशी जुळतात. फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेरे नावाच्या जिवाणूमुळे तो होतो. तोंडावरचा पांढरा थर पाहून त्याला सर्रास ‘तोंडाची बुरशी’ म्हटले जाते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. खऱ्या बुरशीचे, म्हणजे सॅप्रोलेग्नियाचे, धागे लांब असतात, ते पाण्यात मोकळे हलताना दिसतात आणि बहुधा आधीच झालेल्या जखमेवर सावकाश वाढतात. कॉलम्नारिसचा थर आखूड, चपटा, किंचित पिवळसर कडेचा असतो, आणि तीव्र प्रकारात मासा एक-दोन दिवसांत दगावतो. हा जिवाणू उबदार पाण्यात अधिक मारक होतो, त्यामुळे तापमान वाढवण्याचा उपाय उलटला यात नवल नाही. हीटर हळूहळू 24 ते 25 अंशांवर आणा. एकदम थंड पाणी ओतू नका. दिवसाला दोन-तीन अंश उतरवणे पुरेसे आहे. सोबत एअर पंप जोरात चालू ठेवा, कारण या आजारात कल्ल्यांना इजा होते आणि माशाला मिळणारा प्राणवायू कमी पडतो.

त्यानंतर पाण्याची चाचणी करा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असले पाहिजेत. अमोनिया किती घातक ठरतो हे पाण्याच्या पीएचवर अवलंबून असते: 25 अंश तापमानाला पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, तर पीएच 8 असताना तो पाच टक्क्यांच्या वर जातो. गप्पी आणि मॉली यांच्यासाठी पाणी सहसा किंचित अल्कधर्मी ठेवतात, म्हणून चाचणीच्या किटवर थोडासा अमोनिया दाखवणारा फिकट हिरवा रंगही दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. नवे मासे आल्याने टाकीवरचा भार वाढला, फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू कमी पडले, अमोनियाने कल्ले व त्वचा दुखावली आणि तिथे कॉलम्नारिसने शिरकाव केला, ही साखळी मला फार वेळा आढळते. पाणी तसेच राहिले तर कितीही चांगले औषध दिले तरी आजार परत येतो. क्लोरीन काढलेले, त्याच तापमानाचे पाणी वापरून तिसरा हिस्सा पाणी बदला आणि अमोनिया उतरेपर्यंत रोज तपासत राहा.

गप्पी आणि मॉली यांना मीठ चांगले सोसते, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. लिटरला 1 ते 3 ग्रॅम साधे मीठ, आयोडीन वा इतर काही न मिसळलेले, एक-दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने विरघळवून घालावे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या त्वचेला जखम झाली की बाहेरचे पाणी शरीरात शिरत राहते आणि ते उपसून टाकण्यात मूत्रपिंडाची शक्ती खर्ची पडते. मिठामुळे हा ताण हलका होतो. नायट्राइट असल्यास मिठातील क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. टाकीत कोरिडोरस मासे किंवा नाजूक पाणवनस्पती असतील तर मीठ वेगळ्या टाकीतच वापरावे.

आता निदानाकडे वळू, कारण अँटिबायोटिकचा बराचसा गैरवापर इथे होतो. अंगावर मिठाच्या कणाएवढे सुटे पांढरे ठिपके असतील तर तो इक, म्हणजे इक्थिओफ्थिरियस हा परजीवी. त्याच्यावर कोणतेही अँटिबायोटिक चालत नाही. सोनेरी धुळीसारखी झाक दिसली तर व्हेल्व्हेट, तोही परजीवीच. परांवर घट्ट पांढऱ्या गाठी असतील तर बहुधा लिंफोसिस्टिस हा विषाणू, ज्याला औषधच नाही आणि जो पाणी चांगले राखल्यास अनेकदा आपोआप ओसरतो. निऑन टेट्राचा रंग आतून विटत जातो तो आजार सूक्ष्मबीजाणू परजीवीचा आहे आणि त्यावरही उपचार नाही. पोट फुगून खवले उभे राहणे हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे: मूत्रपिंड निकामी झाल्याचे ते चिन्ह असते, त्यामागे एरोमोनाससारखा जिवाणू असू शकतो आणि नसूही शकतो, आणि खवले पूर्ण उभे राहिल्यानंतर कोणत्याही उपचाराने मासा वाचण्याची आशा थोडीच उरते. डिस्कस किंवा एंजल मासा खंगत चालला आणि त्याची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी पडू लागली तर आतड्यातील स्पायरोन्यूक्लियस या परजीवीचा संशय घेऊन मेट्रोनिडाझोल खाद्यातून दिले जाते; ते कॉलम्नारिसवर उपयोगी नाही.

माशांवर उपचार करणारा पशुवैद्य उपलब्ध असेल तर हे सारे तर्क करण्याची गरज पडत नाही. तो तोंडाच्या कडेवरून काचेच्या पट्टीने अगदी हलका खरवडा घेतो, त्यावर टाकीतल्याच पाण्याचा थेंब ठेवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली 400 पट मोठे करून पाहतो. कॉलम्नारिस असेल तर लांब, बारीक, सरपटत वळणाऱ्या जिवाणूंची दाटी दिसते, आणि काही मिनिटे थांबल्यास ते ऊतीच्या कडेला गोळा होऊन गवताच्या गंजीसारखे ढीग रचतात. या आजाराला नाव मिळाले ते याच स्तंभांवरून. एकदा हे चित्र पाहिले की बुरशीशी घोटाळा होत नाही. त्याच पट्टीवर परजीवी असतील तर तेही दिसतात. अनेकदा दोन्ही एकत्र असतात, आणि मग परजीवीचा बंदोबस्त न करता केवळ अँटिबायोटिक देणे व्यर्थ जाते.

मासे मरतच असतील तर प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून कोणते औषध त्यावर लागू पडते याची चाचणी करून घ्यावी. त्यासाठी मरणासन्न किंवा नुकताच मेलेला मासा लागतो. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर ठेवावा, फ्रीझरमध्ये गोठवू नये. आणि पाण्यात कित्येक तास तरंगत राहिलेला मासा पाठवू नये, कारण त्याच्या शरीरात तोवर कुजवणारे जिवाणू शिरलेले असतात आणि अहवाल त्यांचाच येतो.

कोणते अँटिबायोटिक, हा पुढचा प्रश्न. गोड्या पाण्यातल्या माशांना त्रास देणारे बहुतेक जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह गटातले (ग्रॅम नावाच्या रंगचाचणीवरून जिवाणूंचे निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह असे दोन गट पडतात) असतात: एरोमोनास, स्यूडोमोनास, फ्लेव्होबॅक्टेरियम. एरिथ्रोमायसिन मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर चालते, आणि अमॉक्सिसिलिनला एरोमोनास जातीचे जिवाणू सहसा मुळातच दाद देत नाहीत. घरातल्या औषधांच्या डब्यात नेमकी हीच औषधे सापडतात म्हणून ती माशांना दिली जातात, ही खेदाची गोष्ट आहे. कॉलम्नारिससाठी ऑक्सिटेट्रासायक्लिन आणि फ्लोरफेनिकॉल यांचा अनुभव मोठा आहे. जेंटामायसिन माशांच्या मूत्रपिंडाला गंभीर इजा करते, त्याच्या वाटेला जाऊ नये. कॅनामायसिन त्याच कुळातले असल्याने तेही मोजूनमापून, पशुवैद्याच्या देखरेखीखालीच वापरावे. नायट्रोफ्युरान गटातली औषधे प्राण्यांवरील चाचण्यांत कर्करोगकारक आढळली आहेत, म्हणून ती हाताळताना हातमोजे अनिवार्य आहेत. दोन अँटिबायोटिक एकत्र दिल्याने बळ दुप्पट होते असे समजू नये; काही जोड्या एकमेकींचा परिणाम मारतात.

‘सर्व जिवाणू रोगांवर’ असे लेबल लावलेल्या बाटल्यांविषयीही सांगायला हवे. त्यांपैकी अनेकांची शुद्धता, मात्रा किंवा परिणाम कोणत्याही शासकीय यंत्रणेने तपासलेला नसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2023 मध्ये अशी मंजुरी नसलेली औषधे माशांसाठी व इतर लहान प्राण्यांसाठी विकणाऱ्या नऊ कंपन्यांना इशारापत्रे पाठवली. युरोपीय संघात 28 जानेवारी 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार प्राण्यांसाठीची अँटिबायोटिक पशुवैद्याच्या चिठ्ठीवरच मिळतात. हे नियम शौकिनांना अडवण्यासाठी केलेले नाहीत. शोभिवंत माशांच्या वाहतुकीच्या पाण्यातून वेगळ्या केलेल्या एरोमोनास जिवाणूंत एकाच वेळी अनेक अँटिबायोटिकना न जुमानणारे जिवाणू आढळलेले आहेत, आणि ही प्रतिकारशक्ती देणारी जनुके एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शकतात. आपण टाकीत हात घालतो, ते पाणी पुढे गटारातून नदीला मिळते. तेव्हा हा प्रश्न माशांपुरता राहत नाही.

आता तुमच्या कॅप्सूलचा हिशेब करू. टाकीची आतली लांबी 75, रुंदी 36 आणि उंची 37 सेंटिमीटर असेल तर गुणाकार करून 1000 ने भागल्यावर जवळपास 100 लिटर येतात. पण वाळूच्या थरापासून पाण्याच्या पातळीपर्यंतची उंची मोजली तर ती बहुधा 28 सेंटिमीटर भरते, म्हणजे पाणी सुमारे 76 लिटर; वाळूत मुरलेले धरून 80 म्हणू. नावाच्या लिटरवर मात्रा काढली तर औषध पंचवीस टक्के जास्त पडते. मात्र इथे गफलत उलट दिशेने होते. 500 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल 80 लिटरमध्ये टाकल्यास लिटरला जेमतेम 6 मिलिग्रॅम होते. टेट्रासायक्लिनच्याच कुळातल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या स्नानासाठी, म्हणजे ते पाण्यात विरघळवून देण्यासाठी, लिटरला किमान 20 मिलिग्रॅमपासून पुढे मात्रा लागते, आणि कठीण पाण्यात त्याहून कितीतरी जास्त, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे औषध बांधून टाकतात. प्रकाशातही ते विघटित होते आणि पाणी तपकिरी पडते. मॉलींसाठी आपण मुद्दाम कठीण पाणी राखतो. म्हणजे ती कॅप्सूल आजार बरा करण्याला अपुरी, पण जिवाणूंना औषधाची सवय लावण्यास आणि फिल्टर बिघडवण्यास पुरेशी. खेरीज गोड्या पाण्यातला मासा पाणी फारसे पीत नाही. पाण्यातले औषध त्याच्या अंगात जाते ते मुख्यतः कल्ल्यांतून, आणि तेही थोडे.

हेच औषध खाद्यातून दिले तर चित्र पार बदलते. मत्स्यशेतीत ऑक्सिटेट्रासायक्लिनची मान्य मात्रा माशाच्या किलो वजनामागे दिवसाला सुमारे 55 ते 83 मिलिग्रॅम, 10 दिवस, अशी आहे. फ्लोरफेनिकॉल कॉलम्नारिससाठी 10 ते 15 मिलिग्रॅम, तेही 10 दिवस. तुमच्या उरलेल्या दहा-बारा माशांचे एकत्रित वजन 30 ग्रॅम धरले आणि मात्रा किलोला 75 मिलिग्रॅम धरली, तर साऱ्या टाकीला दिवसाला फक्त 2.25 मिलिग्रॅम ऑक्सिटेट्रासायक्लिन पुरते. 500 मिलिग्रॅम म्हणजे दोनशे दिवसांहून अधिक काळाचा साठा. हे आकडे तुम्हाला प्रमाण कळावे म्हणून दिले आहेत. प्रत्यक्ष औषध आणि मात्रा पशुवैद्याने ठरवावी.

औषधी खाद्य घरी करता येते आणि ते नीट करणे यावरच बरेचसे अवलंबून असते. आधी दोन दिवस साध्या जिलेटिनच्या खाद्याचे तुकडे घालून मासे दिवसाला किती खातात ते वजन करून पाहावे. समजा ते दीड ग्रॅम ओले खाद्य खातात, तर 2.25 मिलिग्रॅम औषध त्या दीड ग्रॅममध्ये यायला हवे, म्हणजे ग्रॅमला 1.5 मिलिग्रॅम, आणि 20 ग्रॅमच्या घाण्यासाठी 30 मिलिग्रॅम. हे वजन डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही, मिलिग्रॅम दाखवणारा काटाच लागतो. पशुवैद्याकडून मोजलेल्या पुड्या मिळाल्या तर उत्तम. जिलेटिन गरम पाण्यात विरघळवून ते कोमट होऊ द्यावे, त्यात भिजवून मऊ केलेले नेहमीचे खाद्य कालवावे, औषध अगदी थोड्या पाण्यात एकजीव करून शेवटी घालावे आणि मिश्रण बराच वेळ ढवळावे, नाहीतर एका तुकड्यात सारे औषध आणि बाकीचे कोरडे अशी गत होते. ताटलीत पातळ पसरून फ्रीजमध्ये घट्ट झाल्यावर गप्पीच्या तोंडात मावतील एवढे तुकडे कापावेत, डब्यावर ठळक नाव लिहावे आणि तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. दिवसाचे पहिले खाणे हेच द्यावे, मासे भुकेले असताना. ते संपल्याशिवाय दुसरे काही घालू नये, आणि पंधरा मिनिटांत न खाल्लेले तुकडे काढून घ्यावेत.

तोंडाला थर आलेला मासा खात नसेल तर त्याला हा मार्ग बंद आहे. त्याच्यासाठी औषधाचे स्नान हाच पर्याय उरतो, पण ते मुख्य टाकीत नव्हे. 20 ते 40 लिटरची साधी टाकी घ्यावी, तळाला वाळू नको, एक स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा पुरे. स्पंज शक्य तर मुख्य टाकीत मुरलेला असावा. तरीही अँटिबायोटिकमुळे त्यातले उपयुक्त जिवाणू दुबळे होऊ शकतात, म्हणून अमोनिया रोज तपासावा आणि पाणी बदलल्यास जेवढे बदलले तेवढ्याच पाण्यासाठी औषध पुन्हा घालावे. सक्रिय कोळसा काढून टाकावा, कारण तो औषध शोषून घेतो. यूव्ही दिवा बंद ठेवावा. ऑक्सिटेट्रासायक्लिन असल्यास टाकीवर कापड टाकून अंधार करावा. टाकीतले पाणी साबणाच्या पाण्यासारखे फेसाळू लागले किंवा मासे वर येऊन धापा टाकू लागले तर निम्मे पाणी लगेच बदलावे.

तीन-चार दिवसांत थर पातळ होणे, परांची झीज थांबणे आणि खाणे सुधारणे ही सुधारणेची खूण आहे; झिजलेले पर भरून यायला मात्र आठवडे लागतात, त्यासाठी औषध लांबवू नये. मासा बरा दिसू लागला म्हणून ठरलेला अवधी अर्ध्यावर तोडणेही तितकेच चुकीचे. उलट चौथ्या-पाचव्या दिवशीही काहीच फरक नसेल तर मात्रा वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे. एकामागून एक औषधे बदलत राहण्याने माशाचे यकृत आणि मूत्रपिंड थकतात आणि जिवाणू मात्र टिकून राहतात.

तुमच्या स्वतःच्या हातांबद्दल दोन शब्द. मासे खंगत जाणे, पाठ वाकणे, बऱ्या न होणाऱ्या जखमा अशी लक्षणे महिनोन् महिने चालू असतील तर मायकोबॅक्टेरियम मरिनमचा संशय घ्यावा. या जिवाणूमुळे माणसाच्या बोटांवर आणि हातांवर सावकाश वाढणाऱ्या गाठी होतात, आणि त्या टाकीत हात घातल्यानंतर कित्येक आठवड्यांनी दिसू शकतात. अशा माशांवर घरी अँटिबायोटिकचे प्रयोग करू नयेत. हाताला खरचटलेले असेल तर आजारी टाकीत हातमोज्यांशिवाय हात घालू नये, नळी तोंडाने ओढून पाणी उपसू नये, आणि अशी गाठ आलीच तर डॉक्टरांना मत्स्यालयाचा उल्लेख अवश्य करावा, अन्यथा निदानाला फार वेळ जातो. ज्यांना पेनिसिलिनची अॅलर्जी आहे त्यांनी त्या गटातल्या औषधांची पूड हाताळूच नये. माशांसाठी आणलेले औषध माणसाने घेणे तर कोणत्याही परिस्थितीत नको.

उपचार संपल्यावर त्या छोट्या टाकीच्या फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा घालून तो एक-दोन दिवस चालवावा आणि मगच पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत सोडावे. विहीर, तळे, ओढा किंवा खाण्याच्या माशांचे पाळणतळे यांत ते कधीही जाऊ देऊ नये. वापरलेला कोळसा बांधून कचऱ्यात टाकावा, उरलेले औषध शौचालयात ओतू नये. जाळी, नळ्या आणि स्पंज मुख्य टाकीशी अदलाबदल न करता पूर्ण वाळवावेत. बरे झालेले मासे आणखी आठवडाभर वेगळेच ठेवून नेहमीप्रमाणे खातात का ते पाहावे, तोवर मुख्य टाकीतला अमोनिया सलग शून्य आहे याची खात्री करावी, आणि यापुढे आणलेला प्रत्येक नवा मासा तीन-चार आठवडे याच छोट्या टाकीत ठेवून मगच इतरांत सोडावा.